प्रश्नपत्रिका पोचते, पुस्तक का पोचत नाही?

गेल्या महिन्यात एका मित्राची पुतणी घरी आली होती. मित्र तालुक्याचा वार्ताहर. पोरगी त्याच डोंगरी तालुक्यातल्या एका कॉलेजात एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. ऊसतोडीला येणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर तिचा संशोधन प्रकल्प आहे. विषय तिनंच निवडलेला, कारण घरामागच्या रानात दरवर्षी टोळी उतरते आणि ती लहानपणापासून त्या पालांत जाऊन बसते. चहा व्हायच्या आतच तिनं विचारलं, "काका, तुमच्याकडं ईपीडब्ल्यूचं लॉगिन असंल की? पेपरवाल्यांना असतंय म्हणं."

मला आधी हसू आलं. म्हटलं, बाळा, आम्हाला फुकट फक्त प्रेसनोट मिळते.

मग तिनं सगळं सांगितलं. मार्गदर्शक सरांनी पाच लेख आणि तीन पुस्तकं वाचायला सांगितली. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यातलं एक पुस्तक होतं, तेही कुणीतरी नेलेलं. ग्रंथपाल निवृत्त झाले, जागा भरलेली नाही. एक क्लार्क दुपारी दोनपर्यंत ग्रंथालय उघडं ठेवतो आणि मग ऑफिसात जातो. ऑनलाइन नियतकालिकं बघायची सोय कॉलेजकडं आहे असं नॅकच्या अहवालात लिहिलंय, पण विद्यार्थ्यांची यादीच कुणी पाठवलेली नाही, म्हणून पासवर्ड कुणालाच नाही. शेवटी ती एसटी धरून विद्यापीठात गेली. तिथल्या माणसांनी चांगली वागणूक दिली, हे तिनं आवर्जून सांगितलं. बसून वाचा म्हणाले. पण पुस्तक घरी नेता येणार नाही, आणि कॉम्प्युटरवरचे लेख फक्त कॅम्पसच्या विद्यार्थ्यांना. "तुमच्या कॉलेजला विचारा ताई," एवढंच त्यांच्या हातात होतं. परतीची गाडी चारला. जाऊन येऊन सात तास प्रवास, वाचन दीड तास.

शेवटी ती जे बोलली ते डोक्यातून जात नाही. "काका, परीक्षा फी भरताना तर मी विद्यापीठाचीच असते की."

कॉलेज कुठलं, विद्यापीठ कुठलं, ते लिहीत नाही. एक तर उद्या त्या पोरीला केबिनमध्ये बोलावून 'पेपरात का गेलीस' विचारतील. दुसरं म्हणजे, महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाचं आणि कुठल्याही तालुक्याचं नाव घातलं तरी गोष्ट फारशी बदलत नाही. ज्यांना बदलते असं वाटतं त्यांनी आपल्या गावातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन अर्धा तास बसावं, आणि मग बोलावं.

मला हे नवीन नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तो एका संस्थेत, जिन्यावरच्या दोन खोल्यांत. सर्टिफिकेटवर विद्यापीठाचं नाव आणि शिक्का होता. शिकवायला चांगली माणसं यायची, त्याबद्दल तक्रार नाही. पण ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट, आणि त्याची किल्ली शिपायाकडं. शिपाई दुसऱ्या शिफ्टला. संदर्भग्रंथांची यादी मात्र दीड पान होती, छापील. त्या यादीतलं एकही पुस्तक मी डिप्लोमा संपेपर्यंत हातात धरलं नाही. वृत्तपत्रविषयक कायदे आम्ही झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून वाचले, ज्यात कलमाचे आकडे पुसट झालेले. जे काही वाचलं ते करवीर नगर वाचन मंदिरासारख्या सार्वजनिक वाचनालयांच्या जिवावर. १८५० साली सुरू झालेली ही संस्था. म्हणजे विद्यापीठानं करायचं काम गावानं वर्गणी काढून चालवलेल्या वाचनालयानं केलं. मी पास झालो. पास व्हायला पुस्तक लागलंच नाही, आणि खरी अडचण तिथंच आहे.

आता मुद्द्यावर येतो.

आपल्याकडं बहुतेक पोरं विद्यापीठात शिकत नाहीत. ती शिकतात संलग्न कॉलेजात, नाहीतर दूरशिक्षणाच्या अभ्यासकेंद्रात, नाहीतर एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या पाहणीत महाराष्ट्रात ४,६९२ कॉलेजं मोजली गेली. आपल्या शिवाजी विद्यापीठाकडं बघा. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांत अडीच-तीनशे संलग्न कॉलेजं. कॅम्पसवर शिकणारे मूठभर, बाकी सगळे बाहेर. चंदगडपासून खंडाळ्यापर्यंत.

अभ्यासक्रम कोण ठरवतं? विद्यापीठाचं अभ्यास मंडळ. वाचायच्या पुस्तकांची यादी? तेच. परीक्षा? विद्यापीठ. पात्रता फी, परीक्षा फी, संलग्नता फी? विद्यापीठ. पदवीवर सही? कुलगुरूंची. आणि पुस्तक? ते मात्र कॉलेजनं बघायचं!

हे कुठलं गणित? ज्याच्या नावानं पदवी मिळते त्यानं परीक्षेची जबाबदारी घ्यायची आणि वाचनाची झटकायची? माझं म्हणणं एका वाक्यात आहे: ज्या विद्यापीठाचं नाव पदवीवर आहे, त्या विद्यापीठाचं ग्रंथालय त्या प्रत्येक विद्यार्थ्याचं आहे, मग तो वर्गात कुठंही बसत असो. ही मेहेरबानी म्हणून मागत नाही, हा हक्क आहे.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्या घरातच उदाहरण आहे. गोकुळ बघा. संघाचं राजकारण बाजूला ठेवा, त्यावर मी खूप लिहिलंय आणि लिहीन. पण व्यवस्था बघा. दूध गावातल्या संस्थेत गोळा होतं, संघाच्या नावानं पिशवीत जातं. म्हणून संघ असं म्हणतो का, की म्हशीला ताप आला तर तुमच्या गावच्या संस्थेनं बघावं, आमचा काय संबंध? नाही म्हणत. पशुवैद्यकीय सेवा संघाची, पशुखाद्य संघाचं, गावापर्यंत येतं. कारण संघाला कळतं की म्हैस उपाशी राहिली तर पिशवीवरचं नाव खराब होणार आहे. विद्यापीठाला आपल्या नावाची एवढीही काळजी नसावी? दूध संघ वैरणीचा विचार करतो आणि ज्ञानाचा संघ फक्त फॅट लावून दर ठरवतो, असं झालंय हे.

आणि कृपा करून 'एवढ्या लांब कसं पोचायचं' हे कारण देऊ नका. परीक्षेच्या काळात विद्यापीठं काय करतात ते आम्ही बातम्या करताना बघतो. सगळ्यात लांबच्या केंद्रावरसुद्धा प्रश्नपत्रिका ठरलेल्या मिनिटाला पोचते. आता तर ऑनलाइन येते, पासवर्डसकट, आणि तिथंच छापली जाते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे गाडीत बसून येतात-जातात, मोजून, सीलबंद, सही-शिक्क्यानिशी. एक गठ्ठा इकडंतिकडं झाला तर आमच्या पहिल्या पानावर बातमी येते आणि चौकशी समिती बसते. म्हणजे यंत्रणा आहे, रस्ता आहे, गाडी आहे, पासवर्ड द्यायची अक्कलही आहे. फक्त हे सगळं प्रश्न पोचवायला वापरायचं ठरलंय. उत्तर ज्यात आहे ते पुस्तक त्याच गाडीत का बसत नाही?

याचं मूळ जुनं आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते त्यावेळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. विद्यापीठानं परीक्षा घ्यायची, शिकवणं कॉलेजांनी करायचं. आपलं राजाराम कॉलेज १८८० चं. त्याच्या पदव्याही मुंबईच्याच. पुढं १९०४ च्या कायद्यात संलग्नता मागणाऱ्या कॉलेजनं ग्रंथालयाची सोय केलीच पाहिजे अशी अट आली. नियम म्हणून ठीक होतं. पण त्या अटीनं एक गोष्ट कायमची ठरवून टाकली: ग्रंथालय हा कॉलेजच्या अर्जातला एक रकाना झाला. विद्यापीठाचं काम काय, तर रकाना भरलाय का ते तपासणं.

तेच आजपर्यंत चालू आहे. एलआयसी कमिटी येणार म्हटल्यावर काय होतं ते कॉलेजातल्या माणसांनी मला सांगायला नको, मीच त्यांना सांगतो. आदल्या दिवशी कपाटं पुसतात. वाचन कक्षात फुलदाणी येते. दाखल नोंदवहीत पुस्तकांचा आकडा दाखवतात, वीस हजार, पंचवीस हजार. त्यात एकाच पाठ्यपुस्तकाच्या चाळीस प्रती आहेत, बदललेल्या अभ्यासक्रमाची रद्दी आहे, वाळवीनं खाल्लेली आहेत, हे कोण बघतं? गेल्या वर्षात किती पुस्तकं बाहेर गेली, किती मुलांना हवं ते मिळालं नाही, हा प्रश्न मी एकाही समितीच्या अहवालात वाचलेला नाही. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडणारे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच पुस्तक हे वापरण्यासाठी असतं हा पहिला नियम सांगून ठेवला. आपण अजून पुस्तक हे मोजण्यासाठी असतं यावर अडलोय.

ज्या लंडनकडून आपण हा नमुना घेतला त्यांचं आज काय चाललंय तेही बघा. लंडन विद्यापीठाच्या बाहेरून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे अभ्यासक्रम जगभरातल्या खासगी शिक्षणकेंद्रांत शिकवले जातात. पण त्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचं ऑनलाइन ग्रंथालय वापरता येतं, तो कुठल्या देशात कुठल्या केंद्रात बसलाय याच्याशी संबंध नाही. विद्यार्थी विद्यापीठाचा, म्हणून ग्रंथालय विद्यार्थ्याचं. त्यांनी चूक दुरुस्त केली, आपण अजून १८५७ सालची प्रत चालवतोय.

शिवाजी विद्यापीठ का निघालं याचा तरी विचार करा. राजाराम कॉलेज आधी मुंबईला जोडलेलं, १९४९ नंतर पुण्याला. दक्षिण महाराष्ट्रातल्या पोरांना पुणंसुद्धा लांब पडतं, विद्यापीठ आपल्या दारात पाहिजे, म्हणून १९६२ मध्ये हे उभं राहिलं. माळावर दगड-गोटे होते तिथं आप्पासाहेब पवारांनी विद्यापीठ वसवलं. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय ही आज आपल्या गावाची शान आहे, मी स्वतः पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. पण अंतर कमी करायला निघालेल्या विद्यापीठानं स्वतःच्या हद्दीत तेच अंतर ठेवायचं का, हा प्रश्न विचारणं म्हणजे विद्यापीठाची बदनामी नव्हे. उलट ज्यांनी ते उभं केलं त्यांच्याशी इमान राखणं आहे. हाच प्रश्न पुण्याला, सोलापूरला, मुंबईला, नांदेडला, जळगावलाही आहे.

आता ऑनलाइनचं. 'सगळं नेटवर असतंय, ग्रंथालय कशाला' असं म्हणणारे खूप. नेटवर काय असतं? टेलिग्रामवरच्या चोरीच्या पीडीएफ, गाईडचे फोटो, आणि कुठल्यातरी वेबसाइटवरच्या नोट्स. तपासून छापलेला लेख उघडायला गेलात की पैसे मागतात. ते पैसे भरायचा अधिकृत रस्ता सरकारनं काढलेला आहे, आणि तो वाईट नाही. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र कॉलेजांसाठी एन-लिस्ट नावाची योजना चालवतं. हजारो नियतकालिकं, लाखाच्या वर ई-पुस्तकं. अनुदानित कॉलेजला वर्षाला खर्च साधारण सहा हजार रुपये. सहा हजार! वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपाला याच्यापेक्षा जास्त जातात.

मग अडतं कुठं? कॉलेजनं आपल्या विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची यादी द्यायची, मग त्यांना लॉगिन मिळतं. हे काम ग्रंथपालाचं. ग्रंथपालाची जागा रिकामी असली की यादी जात नाही. यादी गेली नाही की पैसे भरूनही उपयोग शून्य. आमच्या पुतणीचं नेमकं हेच झालं. सहा हजारांची योजना एका न भरलेल्या जागेपाशी मेली. आणि विद्यापीठाला हे माहीतसुद्धा नाही, कारण कोणत्या संलग्न कॉलेजात किती विद्यार्थ्यांकडं चालू लॉगिन आहे हे विद्यापीठ विचारतच नाही. रकान्यात 'एन-लिस्ट: आहे' एवढं लिहिलं की झालं.

त्यावर कडी म्हणजे 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेली योजना. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. योजना चांगली आहे, स्वागत आहे. पण ती कुणासाठी? केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्था, आणि केंद्राच्या संशोधन संस्था. अशा ६,३०० च्या वर संस्था, जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी-शिक्षक-संशोधक. देशात उच्च शिक्षण घेणारे २०२१-२२ मध्येच ४ कोटी ३३ लाख होते. उरलेल्यांचं काय?

उरलेले म्हणजे आपणच. दक्षिण महाराष्ट्रात शिक्षण खेड्यात नेलं ते सरकारनं नव्हे, संस्थांनी नेलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत काढली, बापूजी साळुंखेंनी १९५४ मध्ये विवेकानंद शिक्षण संस्था. पगार सरकारचा, पण व्यवस्थापन संस्थेचं. 'सरकारच्या व्यवस्थापनाखालची' हा शब्द काटेकोर लावला तर ही सगळी कॉलेजं दाराबाहेर. म्हणजे कॅम्पसवरच्या एम.ए.च्या पोराला तेरा हजार नियतकालिकं आणि तालुक्यातल्या एम.ए.च्या पोरीला शिपायाची किल्ली. पदवी दोघांना एकच, सहीसुद्धा एकाच कुलगुरूंची. आणि पुढं नेट-सेटला, प्राध्यापकाच्या मुलाखतीला हे दोघं शेजारी शेजारी बसणार, तेव्हा आपण म्हणणार की ग्रामीण भागातली पोरं कमी पडतात!

हे आत्ताच का लिहितोय? कारण वेळ जवळ आली आहे. नवीन शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. त्या वर्षी पहिल्या वर्षाला बसलेली पोरं २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला येतील. चौथं वर्ष 'ऑनर्स विथ रिसर्च'चं, म्हणजे पदवीलाच संशोधन. संशोधन कशावर करणार? व्हॉट्सअॅपवर? धोरण ठरवणाऱ्यांनी पोरांच्या हातात संशोधनाचा कागद दिला, पण संशोधनाला लागतं ते कुठून येणार हा प्रश्न पुन्हा कॉलेजच्या रकान्यात ढकलला. याचा शेवट मला आत्ताच दिसतोय. कॉलेज रोडवर प्रोजेक्ट टाइप करून देणारी दुकानं आधीच आहेत, ती वाढतील. पाचशे रुपयांत प्रकल्प, हजारात बाइंडिंगसकट. आणि मग आपणच पोरांना नावं ठेवू.

काही आक्षेप येणार, ते आधीच घेतो.

'पोरं वाचतच नाहीत.' अहो, बंद दारापुढं उभं राहून पोरं आत जात नाहीत म्हणण्यासारखं आहे हे. सात तास प्रवास करून दीड तास वाचणारी पोरगी माझ्या घरी बसली होती. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत महिना हजार-बाराशे भरून रात्री अकरापर्यंत बसणारी पोरं राजारामपुरीत जाऊन बघा. वाचायची भूक आहे, ताटात काही नाही.

'प्रकाशक परवानगी देत नाहीत, करार कॅम्पसपुरता असतो.' खरं आहे. पण करारावर सही करणारा माणूस आकाशातून पडत नाही. करार करताना संलग्न कॉलेजांसकट भाव विचारला का? एकदा तरी? चार विद्यापीठांनी मिळून विचारला असता तर? प्रवेश वाढवताना, नवीन कॉलेजांना मान्यता देताना संख्या अभिमानानं सांगायची आणि लेखांचा करार करताना तीच पोरं 'आमची नव्हेत' म्हणायचं, हे चालणार नाही.

'पैसा नाही.' परीक्षा फीच्या वाढीला पैसा मिळतो, दीक्षान्त समारंभाला मिळतो. परीक्षा फीबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याकडून ग्रंथालयासाठी पन्नास रुपये घ्या, आणि त्याचा हिशोब जाहीर करा. पोरं देतील. फक्त त्यांना पुस्तक दिसलं पाहिजे.

'ही कॉलेजची जबाबदारी आहे.' हो, आहेच. आणि जे संस्थाचालक ग्रंथालयाच्या खोलीत बीबीएचा वर्ग भरवतात त्यांच्याबद्दल मी वेगळी पोस्ट लिहिणार आहे. पण कॉलेज चुकलं तर शिक्षा कुणाला? पोराला. आणि चुकलेल्या कॉलेजला दरवर्षी संलग्नता कोण देतं?

नुसती टीका करून थांबत नाही. काय करता येईल ते लिहितो. यातलं एकही काम अशक्य नाही.

१) प्रत्येक संलग्न कॉलेजच्या आणि अभ्यासकेंद्राच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं वाचक कार्ड. पात्रता क्रमांक दिला जातो त्याच दिवशी. वेगळं पत्र, वेगळी शिफारस नको.

२) उत्तरपत्रिका ने-आण करणाऱ्या यंत्रणेसारखीच महिन्यातून दोनदा पुस्तकांची फेरी. पोरानं ऑनलाइन मागणी करायची, पुस्तक त्याच्या कॉलेजात यायचं, तिथंच परत द्यायचं.

३) अभ्यास मंडळानं संदर्भग्रंथांच्या यादीत प्रत्येक पुस्तकापुढं एक रकाना घालायचा: कुठं मिळेल. जे कुठंच मिळत नाही ते यादीत लिहून पोरांची थट्टा करायची नाही.

४) एन-लिस्टची लॉगिनं किती चालू, किती बंद, हे विद्यापीठानं दर सहामाहीला कॉलेजवार जाहीर करायचं. शोधगंगेवरचे प्रबंध, नॅशनल डिजिटल लायब्ररी, मराठी विश्वकोश हे तर फुकट आहे. पण पहिल्या वर्षाच्या पोराला ते कुणी सांगत नाही. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात एक तास त्यासाठी ठेवा.

५) तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयांशी करार. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळं महाराष्ट्रात गावोगावी मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत, संध्याकाळी उघडी असतात, पोरीबाळींच्या घराजवळ असतात. विद्यापीठानं तिथं अभ्यासक्रमाच्या पुस्तकांचा एक संच ठेवला तर दोघांचंही भलं होईल.

६) ग्रंथपालाची जागा रिकामी असेल तर नवीन अभ्यासक्रमाला परवानगी नाही. आणि राज्य सरकारनं भरतीवरचं कुलूप काढावं. ग्रंथपालाशिवाय ग्रंथालय म्हणजे ड्रायव्हर नसलेली एसटी. स्टँडवर उभी असते, कागदावर धावते.

अधिसभेवर निवडून गेलेल्या सगळ्या पॅनेलच्या सदस्यांना माझी विनंती आहे. पदवीधरांची मतं मागायला तुम्ही आमच्या दारात आला होता. येत्या अर्थसंकल्पाच्या बैठकीत उभं राहून एकच प्रश्न विचारा: ग्रंथालयाच्या तरतुदीतले किती रुपये कॅम्पसबाहेरच्या विद्यार्थ्यावर खर्च होतात? उत्तर काय येतंय ते आम्ही छापतो. नाही विचारलंत तर तेही छापतो.

आणि शेवटचं. आपण कोल्हापूरकर उठता-बसता शाहू महाराजांचं नाव घेतो. महाराजांनी काय केलं ते आठवा. कोल्हापुरात शाळा-कॉलेज आधीच होतं. दार उघडं होतं. पण खेड्यातून आलेल्या पोराला राहायला जागा आणि खायला भाकरी नसेल तर उघड्या दाराचा उपयोग नाही, हे त्यांना कळलं. म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, मिस क्लार्क अशी एकेक बोर्डिंगं. प्रवेश दिला म्हणजे शिक्षण दिलं असं त्या राजानं मानलं नाही. शिकायला जे जे लागतं ते पोरापर्यंत नेऊन ठेवलं.

आज भाकरीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून आमची पुतणी निदान जाऊन तरी आली. पुस्तकाचा प्रश्न तिथंच आहे. त्या पाच लेखांपैकी दोन मी ओळखीच्या एका प्राध्यापकांकडून मिळवून दिले. ओळख होती म्हणून. ज्या पोरीचा काका पत्रकार नाही, तिनं काय करायचं?

पटलं तर पुढं पाठवा. कॉलेजात, विद्यापीठात काम करणाऱ्यांनी माझं कुठं चुकतंय ते जरूर लिहा, दुरुस्त करीन. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात उद्या जा आणि यादीतलं एक पुस्तक मागा. मिळालं की नाही ते मला इनबॉक्समध्ये कळवा, नाव गुप्त राहील. शंभर जणांनी कळवलं तर ते सगळं घेऊन मी स्वतः कुलगुरूंच्या दालनात जाईन.